गुंडूरावचं रबराचं फूल

गुंडूराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सावित्रीचा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, पण लिहिताना ते जमत नाही. अंगानं वाळका, उंचीनं बेताचा, आणि हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे. लांब, निमुळती बोटं. नखं कायम मुळापासून कापलेली. आमची दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतली, चामराजपेटेतली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. गुंडूराव भांडतच नसे. "सरी अक्का, सरी," म्हणजे बरं, बरं, असं म्हणायचा आणि मग स्वतःच्या मनात असेल तेच करायचा. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे उशीला बुक्के मारणं.

त्याचा धंदा साच्यांचा. नगर्तपेटेच्या सोनारगल्लीत एका माडीवर त्याची खोली होती. सोनार कर्णफुलाचा एक नमुना घडवून द्यायचा. गुंडूराव तो कच्च्या रबराच्या थरांत दाबून भाजायचा, आणि गार झालं की सुरीनं रबर चिरून नमुना बाहेर काढायचा. आत पोकळी उरते. तिच्यात मेण भरलं की तेच कर्णफूल हवं तितक्या वेळा. सगळं कसब चिरण्यात. सुरी सरळ ओढली तर साचा मिटताना सरकतो, नागमोडी नेली तर दोन्ही अर्धे एकमेकांत घट्ट बसतात. गुंडूरावची सुरी नागमोडी जायची. त्या गल्लीत आज झालेली वस्तू चार दिवसांत कुणाच्या तरी कानात असायची. वस्तू आणि कान यांच्यामध्ये दुसरं काही नसतंच, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या गल्लीची आणखी एक रीत होती. घरात कुणी आजारी आहे असं कळलं की सोनार कारागिराला नमुना देत नसत. गरजू माणसाचा हात मालावर घसरतो म्हणे. त्यामुळे कारागीर बायकोला ताप असला तरी हसत माडी चढायचे. गुंडूरावच्या बापानं त्याला धंदा शिकवला तेव्हा हेही शिकवलं.

पुढे मेणाचे नमुने कॉम्प्युटरवरून छापून येऊ लागले आणि गुंडूरावची माडी ओस पडली. तो घरी बसला. सावित्री मला फोनवर म्हणायची, "अक्का, हे दिवसभर माझ्या पायात पायात करतात. काल माझ्या पोळीची कड कातरत बसले होते." अशा वेळी स्मिता आली.

स्मिता पुण्याची. यशवंतपूरला रेल्वेच्या पलीकडे एका शेडमध्ये तिची छोटी कंपनी होती. शस्त्रक्रियेची हत्यारं लोखंडाऐवजी मऊ पदार्थाची करायची, हा तिचा ध्यास. बारीक साचे करणारा माणूस शोधत ती सोनारगल्लीत हिंडली आणि कुणीतरी तिला चामराजपेटेला धाडलं. मी त्या दिवशी तिथेच होते.

"काका, तुम्ही मराठी? ओ माय गॉड! मग तर प्रॉब्लेमच नाही."

"आमची मराठी, मॅडम," गुंडूराव म्हणाला. "तुम्हाला हसू येईल."

"माझी ऐकून तुम्हालाच येईल, काका. अर्धी इंग्लिशच असते."

सावित्री आतून म्हणाली, "कामावर नेताय ना? मग कुठल्याही भाषेत न्या."

स्मिताला करायचं होतं ते असं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाला बारीक भोकं पाडतात आणि त्यांतून लांब दांड्याचे चिमटे आत घालतात. त्या चिमट्यांनी आतडं धरायचं. चिमटा पोलादाचा, आतडं ओल्या रेशमासारखं. जोर कमी पडला तर निसटतं, जास्त झाला तर चेचतं. स्मिताच्या हत्याराच्या टोकाला चिमट्याऐवजी सिलिकॉनच्या तीन पाकळ्या होत्या. प्रत्येक पाकळी आतून पोकळ. तिच्या आतल्या अंगाला पातळ कापड चिकटवलेलं, बाहेरचं अंग मोकळं. पिचकारीनं पोकळीत पाणी सारलं की बाहेरचं अंग ताणतं, कापडाचं ताणत नाही, म्हणून पाकळी आत वळते. तिन्ही वळल्या की कळी मिटल्यासारखं होतं आणि मधली वस्तू अलगद धरली जाते. बिजागरी नाही, स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. पदार्थच वाकतो आणि तेच यंत्र. शेडमध्ये सगळे त्याला 'हूवू' म्हणत. कन्नडमध्ये हूवू म्हणजे फूल.

पहिल्याच महिन्यात गुंडूरावनं घोटाळा केला. जुन्या सवयीनं त्यानं आपल्या भाजलेल्या रबराच्या ठोकळ्यातच साचा कोरला आणि वर सिलिकॉन ओतलं. सकाळी पाहतो तर सगळं गुळाच्या पाकासारखं चिकट. पुन्हा ओतलं, पुन्हा चिकट. शेवटी स्मिताला हसू फुटलं. "काका, तुमच्या रबरात गंधक आहे. ते आमच्या सिलिकॉनला वाळूच देत नाही." गुंडूरावनं ते ठोकळे घरी आणून माळ्यावर टाकले आणि नव्यानं सगळं शिकला. त्या वयात शिकला, हे मी कबूल करते. बुडबुडे कसे ओढून काढायचे, कापड कसं बसवायचं, पाकळीची भिंत कुठे पातळ ठेवायची. घरी येऊन सावित्रीला सांगायचा, आणि ती वांगी चिरता चिरता "हं, हं" करायची.

तपासणीसाठी बकऱ्याचं आतडं लागायचं. ते शिवाजीनगरच्या बाजारातून गुंडूरावच आणायचा, डब्यातून. एकदा डबे बदलले आणि कंपनीत तपासणीच्या टेबलावर लिंबाचं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा भात, उघडलं गेलं. इकडे सावित्रीनं घरी दुसरा डबा उघडला. ती किंकाळी खालच्या दुकानापर्यंत गेली. मग तिनं त्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधला आणि सांगितलं, "हा डबा माझ्या स्वयंपाकघरात दिसला तर तुम्हीही दिसायचं नाही."

त्याच आतड्यावर गुंडूरावनं ते पाहिलं. स्मितानं एका तुकड्याला पोलादी चिमटा लावून सोडला, शेजारी हूवू लावून सोडलं. चिमट्याच्या जागी दातांची ओळ उमटली होती आणि भोवती काळपट डाग. फुलाच्या जागी काही नव्हतं. मला सांगताना तो आपल्याच मनगटावर बोट दाबून दाखवत होता. "इथं, अक्का. असे दात. मेलेलं आतडं होतं तरी."

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला सावित्रीला रक्त जाऊ लागलं. तिनं ते लपवलं, मग लपेना. मी फरफटत नेलं. दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासला. मोठ्या आतड्यात गाठ, आणि ती वाईट गाठ. सर्जन एक मधल्या वयाची बाई होती, बोलायला मोकळी.

"वेळेत आलात. बारीक भोकांतून करू, लवकर घरी जातील. फक्त उशीर करू नका."

गुंडूरावनं विचारलं, "मॅडम, आतडं कशानं धरणार?"

"चिमट्यानं. रोजच धरते."

"त्याला दात असतात?"

"बारीक असतात. का हो?"

"काही नाही. सुम्ने विचारलं." सुम्ने म्हणजे उगाच. ते उगाच नव्हतं, पण मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते जिना उतरताना. अर्ध्या जिन्यात तो थांबला आणि म्हणाला, "अक्का, मी ते दात पाहिलेत."

"मग?"

"आपलं हूवू होतंय की. स्वल्प थांबू या."

मी त्याला जिन्यातच झाडलं. लोक वळून बघत होते. बघू देत. "थांबू या? ती गाठ काय तुमच्या कंपनीची वाट पाहत बसणार आहे?"

"स्मितामॅडम म्हणतात या वर्षात होतंय. परवा एक मोठे सर्जन आले होते. हातात धरून म्हणाले, हे मला उद्याच द्या."

"आणि दिलं उद्या?"

"तुम्ही म्हणजे अक्का..."

घरी गेल्यावर मी सावित्रीला हाताशी धरायला गेले. वाटलं, बायको तरी शहाणी असेल. ती चौरंगावर बसून नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "हे म्हणतात तर थांबू या की, अक्का. माझ्यासाठीच केल्यासारखं आहे ते."

"तुझ्यासाठी? अगं, तुला गाठ आहे, तुला कर्णफुलं घडवायची नाहीत!"

"ओरडू नको. शेजारचे ऐकतील."

शेजारी आणि ऐकणं! आमच्या अर्ध्या मूर्खपणाला हेच कारण पुरतं. मी रोज जायचे, रोज सांगायचे. गुंडूराव "सरी अक्का" म्हणायचा. सावित्री पातळ गंजी, म्हणजे पेज, पिऊन, कुणा वैद्याची पावडर घेऊन दिवस काढत होती. गुंडूराव पहाटे उठून यशवंतपूरला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. कंपनीत म्हणत, काका एकदम पेटलेत. कशानं पेटलेत ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलंच नव्हतं. घरचं दुखणं माडीवर न्यायचं नाही, ही सोनारगल्लीची शिस्त त्यानं शेडमध्येही पाळली. म्हणून स्मिता रोज संध्याकाळी "झालंच आता काका, थोडंच राहिलंय" म्हणायची, आणि त्या वाक्यावर माझी बहीण जगतेय हे तिला माहीत नव्हतं.

दिवाळी गेली. सावित्रीची पोलकी अंगावर लोंबू लागली. ती हसून म्हणाली, "बघ, लग्नातले दंड परत आले." मला त्या हसण्यानं इतका संताप आला की मी तशीच बाहेर पडले, रिक्षा केली आणि यशवंतपूर गाठलं.

शेड स्वच्छ होती. पांढरे टेबल, पांढरे दिवे. स्मिता धावत आली. "काकू, या ना! काका म्हणजे आमचे हीरो आहेत, माहितीये?" गुंडूराव कोपऱ्यातल्या टेबलावर पाकळीची कड कापत होता. मला पाहून त्याची सुरी थांबली.

मी बसले नाही. "हे फूल माणसाच्या पोटात कधी जाणार?"

स्मिता हसली. "माणसाच्या? अजून वेळ आहे, काकू. आधी जनावरांवर पूर्ण टेस्टिंग, मग परवानग्या, मग ट्रायल्स. सगळं नीट गेलं तर चार-पाच वर्षं धरा. का?"

"पण तुम्ही या वर्षात म्हणालात," गुंडूराव कोपऱ्यातून म्हणाला. अगदी हळू.

"हो काका, या वर्षात डुकरावर! माणसावर नाही काही. तुम्हाला काय वाटलं?"

त्याला काय वाटलं ते मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, कारण तिसरं मला जमलं नसतं. स्मिता मागे सरकून स्टुलावर बसली. "काका, मला का नाही सांगितलंत? मी स्वतः घेऊन गेले असते काकूंना, त्याच दिवशी."

"सांगितलं असतं तर तुम्ही काम काढून घेतलं असतं."

"कोण म्हणालं असं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. गुंडूरावनं सुरी पुसली, खणात ठेवली, हात धुतले आणि माझ्यामागून बाहेर आला. रिक्षात, मल्लेश्वरमच्या सिग्नलला तो म्हणाला, "उद्या सकाळीच नेऊ, अक्का." माझ्या शिव्या संपल्या होत्या.

सकाळी नेलं, पण चालवत नाही. पहाटेच तिचं पोट ढोलासारखं फुगलं आणि उलट्या थांबेनात. गाठीनं आतडं बंद केलं होतं. त्याच सर्जन बाईंनी तिला टेबलावर घेतलं. बाहेर आल्या तेव्हा टोपीखालून घाम निथळत होता.

"गाठ काढली. पण यकृतावर पसरलंय. आता जेवढं सुसह्य करता येईल तेवढं." मग त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी स्वतःहून विचारलं, "तेव्हा सांगितलं होतं ना मी? कुठे होतात?"

गुंडूरावनं विचारलं, "मॅडम, कशानं धरलंत?"

बाई गोंधळल्या. मी म्हटलं, "आतडं. ते विचारताहेत."

"पोट पूर्ण उघडावं लागलं. हातानंच धरलं सगळं." त्यांना वाटलं, या माणसाला धीर द्यावा, म्हणून पुढे म्हणाल्या, "अगदी हळू धरलं हो. काळजी करू नका."

तो त्यांच्या हातांकडे बघत राहिला. साधे हात, रबरी मोज्यांत भिजून सुरकुतलेले. त्या गेल्या तरी तो तिथेच बघत होता.

दवाखान्यात मी दुपारची तिच्याजवळ बसायचे. एकदा गुंडूराव कॉफी आणायला खाली गेला होता. सावित्री म्हणाली, "त्यांच्यावर रागावू नको, अक्का."

"का रागावू नको?"

"मला त्या फुलाचं काही वाटत नव्हतं गं. पिचकारी मारली की मिटतं, पोराचं खेळणं. मला भीती वाटत होती. आई ऑपरेशनला गेली ती तशीच ना, स्ट्रेचरवर झोपून आपल्याला हात करत? परत आलीच नाही. मला नुसतं वाटत होतं, कुणीतरी थांब म्हणावं. यांनी म्हटलं."

माझ्या हातातलं मोसंब सोलायचं राहिलं. "हे त्यांना सांग. आत्ता येतील, आत्ता सांग. तो माणूस स्वतःला खातोय."

"छे! त्यांना वाटतंय, मी त्यांच्या कामावर भरवसा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तसं वाटलंय. राहू दे ना."

"मूर्ख आहेस तू."

"हो," ती म्हणाली. "मोसंब दे."

ती गेली ती घरीच, उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी. शेवटी फार दुखलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

तेरावं झालं आणि गुंडूराव कामावर रुजू झाला. लोक बोलले. माणूस दगड आहे म्हणाले, बायको गेली आणि हा पाकळ्या ओततोय. स्मितानं मला फोन केला. "काकू, मी त्यांना म्हटलं, हवी तेवढी सुट्टी घ्या. ते म्हणतात, काम काढून घेऊ नका. मी काय करू?" मी म्हटलं, "काढून घेऊ नका."

एका रविवारी तो माझ्याकडे आला. जेवला, ताट स्वतः धुतलं, आणि मग खुर्चीत बसून म्हणाला, "मी मारलं तिला, अक्का."

इतके महिने मी त्याला हेच ऐकवत होते, कमी-जास्त शब्दांत. पण ते त्याच्या तोंडून ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. आईचं स्ट्रेचर, भीती, 'पोराचं खेळणं', 'कुणीतरी थांब म्हणावं', सगळं. तिनं नको म्हटलं होतं हेही सांगितलं. मेलेल्या माणसाचा शब्द जिवंत माणसाच्या गळ्याला फास होत असेल तर मी तो पाळत नाही.

गुंडूरावनं शांतपणे ऐकलं. मग मान हलवली.

"नाही अक्का. मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही."

"मी? मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून कधी काही बोललेय का?"

"ती घाबरत नव्हती. मी एकदा हूवू घरी आणलं होतं, तिला दाखवायला. तिनं आपलं बोट मध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, पिचकारी दाबा. मी दाबली. ती म्हणाली, किती हळू धरतं हो हे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "असं कुणी भीतीनं म्हणत नाही."

"गुंडूराव, तिची शपथ घेऊन सांगते—"

"नको, अक्का. शपथ नको. सरी, सरी."

तो उठला. नव्या पाकळ्यांचे साचे भरायचे होते, पहाटेची बस धरायची होती. दोष आपला नव्हता असं त्यानं मानायचं, तर बायकोनं आपल्या कामाकडे खेळणं म्हणून पाहिलं हेही मानावं लागतं. त्यानं दोष ठेवून घेतला. तो जिना उतरून गेला, आणि मी त्याच्यामागे दार लावून घेतलं.